म्हणे ओरिजिनल!

मिशिगनमध्ये कुठल्याही कार शोला जा, तेच रडगाणं. शेव्हरोलेच्या १९७० च्या शेव्हेल गाडीसमोर मालक छाती फुगवून उभा: 'मॅचिंग नंबर्स, अस्सल एसएस!' म्हणजे इंजिन म्हणे गाडीचं मूळचंच. अहो, त्या साली एसएस, म्हणजे सुपर स्पोर्ट, हे वेगळं मागून घ्यायचं ऑप्शन पॅकेज होतं. व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून, ते कळतच नाही. गाडीत काय काय बसवलं ते सांगणारी कारखान्याची बिल्डशीट कुठाय? 'हरवली.' बरं! इंजिनवर नंबर ठोकतात त्या पॅडवरचे आकडे कालच ठोकल्यासारखे, आणि ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्याच्या, ओतकामाची तारीख गाडी बनल्यानंतरची! म्हणजे आधी गाडी धावली, मग इंजिन जन्मलं? रंग तर आरसा. कारखान्यातून तेव्हा संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत यायचा हो! आणि जज? बॉनेटमध्ये स्वतःचा भांग बघून मोकळे. ब्लॉकपाशी वाकायला यांची कंबर दुखते. शेजारी मूळ रंगातली, खरचटलेली गाडी घेऊन आलेले आजोबा हात हलवत घरी.