वाळू ब्रासात, रस्ता टनात

पाऊस सरला की कुडाळ, मालवण, वेंगुर्ल्यातले रस्ते उखडलेले दिसतात आणि आपण सगळे मिळून ठेकेदाराला शिव्या घालतो. काही ठेकेदार त्याच लायकीचे असतात, त्याबद्दल वाद नाही. पण याच रस्त्यांवरून जाणाऱ्या गाड्यांच्या वजनाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून आज लिहितोय.

वाळू आपण ब्रासने घेतो. हिशेब ब्रासचा, भाव ब्रासचा. ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे नुसती जागा. कोरडी वाळू ब्रासला साधारण साडेचार टन भरते. खाडीतून काढून लगेच भरलेली ओली वाळू पाच टनांच्या वर जाते. कर्ली खाडीच्या काठावरून निघालेल्या डंपरच्या मागे कधी अडकला असाल तर फाळक्याच्या फटीतून गळणारी पाण्याची धार तुम्ही पाहिली असेल. रस्त्यावर लांबच लांब ओला पट्टा. ते पाणीही एक्सलवरच, म्हणजे चाकांच्या आसावरच, बसून चाललेलं असतं.

आता 18.5 टन पासिंगचा, म्हणजे मालासकट एकूण तेवढ्या वजनाची परवानगी असलेला, सहाचाकी डंपर घ्या. रिकामी गाडी साडेसात टनांची धरली तर माल 11 टन, म्हणजे ओल्या वाळूचे दोन ब्रास. त्यात तीन भरले की गाडी पाच टनांनी ओव्हरलोड. हौद्यात जागा असते, म्हणून भरतात. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यात जादा पान टाकलं की गाडी बसतही नाही. गाडीला झेपलं म्हणजे रस्त्याला झेपलं असं मात्र नसतं.

रस्ता एकूण वजन सोसत नाही, एकेका एक्सलचं सोसतो. आणि त्याचं गणित भयंकर आहे. अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवले, तेव्हा कळलं की एक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. आपल्याकडे चार टायरच्या एक्सलची मर्यादा 2018 साली 10.2 वरून 11.5 टन केली. वजन वाढलं 13 टक्क्यांच्या आसपास, पण त्याच हिशेबाने रस्त्यावरचा मार वाढला 60 टक्क्यांनी. ही कायद्यातली गाडी झाली. त्याच एक्सलवर 15 टन आले तर मार कायदेशीर गाडीच्या जवळजवळ तिप्पट. गावातले रस्ते मुळात हलक्या रहदारीसाठी केलेले. त्यावर आधी मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात, त्यातून पाणी खाली मुरतं आणि मग आपल्याकडच्या पावसाला फार काही करावं लागत नाही.

घाटातलं तर बोलायलाच नको. चिरा (जांभा दगड) भरून फोंडा किंवा करूळ घाट चढणारी गाडी रांगत जाते, ते एक वेळ ठीक. पण जादा वजन घेऊन घाट उतरताना ब्रेक तापले की समोरून येणाऱ्याचं काय? एसटीत आपलीच माणसं असतात.

मला राग ड्रायव्हरचा येत नाही. एकाला विचारलं तर म्हणाला, "मिया कमी भरलंय तर उद्या दुसरो भरतलो." खरंच आहे त्याचं. ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च. म्हणजे त्या पाच टनांचे 30,000. मोटार वाहन कायद्याचं कलम 194 फक्त चालवणाऱ्यावर नाही, चालवायला लावणाऱ्यावर आणि चालवू देणाऱ्यावरही आहे. तरी रस्त्यावर अडकतो तो ड्रायव्हर. मालक घरी असतो आणि ज्याने भरून दिलं त्याचं नावही कुठे येत नाही.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की वजनकाटा हायवेवर नको, भरतात तिथे हवा. चिरेखाणीच्या तोंडाशी आणि वाळूच्या रॅम्पवर. काट्याची पावती असल्याशिवाय गाडी बाहेर पडता कामा नये. हायवेवर पकडेपर्यंत गावातल्या रस्त्याची वाट लागलेली असते.

आणि आपण घर बांधणारेही यातून सुटत नाही. "फुल भरून आण रे" असं सांगणारे आपणच. पुढच्या वेळी वाळू मागवताना गाडीचं पासिंग विचारा, काट्याची पावती मागा. एक खेप वाढेल, भाड्याचे पैसे जातील, ते मला मान्य आहे. वाळूचे नवे परवाने निघण्याआधी ग्रामसभेत काट्याची अट मांडा, ठरावात लिहून घ्या. आमच्या गावात मी मांडणार आहे. कुणाच्या ग्रामपंचायतीने असा ठराव आधीच केला असेल तर त्याचा मसुदा मला पाठवा.