खोलीत कोण बसणार?

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक वाद झाला. त्यातला एक शब्द मला अजून टोचतो आहे: पिंजरा.

जूनच्या अखेरीस मी, बायको आणि आमची बावीस महिन्यांची लेक चार रात्रींसाठी आम्ही राहतो त्या जर्मनीतल्या लाइपझिगहून समुद्रकाठच्या बिन्त्सला गेलो होतो. पहिल्याच संध्याकाळी बायकोने ग्रुपवर खोलीचा फोटो टाकला. पलंगाच्या पायथ्याशी जाळीच्या भिंतींची घडीची खाट, कपाटाचं दार सताड उघडून त्यावर चादर टाकून केलेला आडोसा, आणि बाथरूमच्या फरशीवर टॉवेल अंथरून ब्रेड आणि चीज खात बसलेला मी. खाली तिने लिहिलं, ‘साडेसात वाजले. बाळ झोपलं. आता आमचं जेवण.’

पुण्याहून दादाचं, म्हणजे माझ्या चुलतभावाचं, लगेच उत्तर आलं. ‘सुट्टीवर गेलात की ड्युटीवर? आमची पोरं हॉटेलात दोन खुर्च्या जोडल्या की आपोआप झोपतात.’ मग सांगलीहून आत्या. ‘घड्याळाला बांधू नका रे पोरीला. मधे घेऊन झोपा. त्या पिंजऱ्यात काय ठेवताय तिला?’ आत्याच्या ओळीखाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात माझ्या सख्ख्या बहिणीचाही अंगठा होता.

मी त्या रात्री काही लिहिलं नाही. फरशीवर बसून मनात उत्तरं जुळवत राहिलो, आणि खरं सांगायचं तर चारही रात्री तेच करत राहिलो.

हॉटेलच्या एका खोलीत लहान मूल झोपवणं काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. जूनच्या अखेरीस सांगलीत सव्वासातच्या आसपास सूर्य मावळतो. बिन्त्सला पावणेदहा वाजत येतात, आणि पुढेही बराच वेळ आभाळ उजळलेलं असतं. तिथला पडदा पातळ होता. मी पँट टांगायच्या हँगरच्या चिमट्यांनी त्यावर आमची काळी चादर लावली, कडेच्या फटींत टॉवेल खोचले. बाथरूमचा पंखा सुरू ठेवला, त्याच्या घरघरीत जिन्यातले आवाज बुडतात. फ्रिजचं दार उघडलं की आतला दिवा लागतो म्हणून दूध आधीच बाहेर काढून ठेवलं. आणि ब्रेडची कागदी पिशवी! अंधारात तो कागद केवढ्याने वाजतो. पहिल्या रात्री तेवढ्या आवाजाने लेक उठून बसली, जाळीला नाक लावून ‘बाबा, खाऊ?’ म्हणाली आणि पुढचा पाऊण तास गेला. दुसऱ्या रात्रीपासून मी पिशवी बाहेर जिन्यातच रिकामी करून ब्रेड टॉवेलात गुंडाळून आत आणायला लागलो.

बिन्त्सचा समुद्रात गेलेला लाकडी पूल ३७० मीटर लांब आहे. आम्ही दोघांनी तो चार दिवसांत संध्याकाळी एकत्र पाहिला नाही. एका संध्याकाळी ती जाऊन आली, एका संध्याकाळी मी.

मग दादा विचारणार, एवढं कशासाठी? तर या वयाच्या मुलाला दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप लागते, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तसं छापून सांगितलं आहे. आमची लेक दुपारी दीड तास झोपते आणि सकाळी सहाला उठतेच, रात्री कधीही झोपली तरी. आता रात्रीचा हिशोब दादानेच करावा. इथे मुलांना लवकर झोपवणं हे काही आमचं नवं फॅड नाही. टीव्हीवरचा झांडमेनशेन नावाचा बाहुला १९५९ पासून संध्याकाळी सातच्या आत पोरांच्या डोळ्यांत झोपेची वाळू टाकून जातो. आमच्या इमारतीतल्या ज्या आज्या लहानपणी त्याला बघून झोपायच्या, त्या आता नातवंडांना त्याच्यासमोर बसवतात. साडेसातनंतर अंगणात एक मूल दिसत नाही. मला ते आवडतं, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

२०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी ग्रुपवर टाकला. १७ देशांतली, तीन वर्षांच्या आतली २९ हजारांहून अधिक मुलं, त्यात भारतही होता. झोपायची सरासरी वेळ न्यूझीलंडमध्ये संध्याकाळी ७ वाजून २७ मिनिटं, हाँगकाँगमध्ये रात्री १० वाजून १७ मिनिटं. शिवाय न्यूझीलंडची मुलं दिवसभरात सगळ्यांत जास्त झोपत होती. ‘बघ,’ मी दादाला लिहिलं.

दादा म्हणाला, ‘न्यूझीलंडला आजी नसते घरात.’

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी दुसरीकडून गेलो. गेल्या डिसेंबरमध्ये पुण्यात दादाबरोबरच जेवायला गेलो होतो. रात्रीचे साडेदहा. त्याचा तीन वर्षांचा मुलगा जोडलेल्या खुर्च्यांवर होता खरा, पण आपोआप झोपला नव्हता. नाकासमोर मोबाइल, डोळे लाल, आणि मोबाइल काढून घेतला की अख्खं हॉटेल वळून बघेल असा टाहो. शेवटी वहिनी त्याला उचलून पार्किंगमध्ये गेल्या. परत आल्या तेव्हा आमची आइस्क्रीमं संपली होती आणि त्यांची रोटी वातड झाली होती. दादाला हे आठवत नाही. त्याला खुर्च्या आठवतात. ‘आपोआप’ या शब्दाचा मला राग आहे तो इथे. आजवर कुठलंही पोर आपोआप झोपलेलं नाही. कोणीतरी झोपवलेलं असतं, आणि ते कोण हे बघायची ज्यांना कधी गरज पडली नाही तेच ‘आपोआप’ म्हणतात.

आमच्या घरी मी झोपवतो. लेक झाली तेव्हा सहा महिने पगारी पालकरजा घेऊन मी घरी होतो. ऑफिसात कोणी भुवई उंचावली नाही. संध्याकाळी अंघोळ, दात, दोन पुस्तकं आणि मग गाई गाई, हे सगळं माझं काम आहे आणि मला ते येतं. सांगलीत माझ्या ओळखीच्या एकाही बापाला ते येत नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, पण मनात बऱ्याचदा म्हटलं.

तिसऱ्या रात्री लेक रडायला लागली. दाढ येत होती. साडेआठ वाजले होते, बाहेर लख्ख उजेड. मी तिला कडेवर घेऊन पलंग आणि कपाट यांच्यामधल्या तीन पावलांत येरझाऱ्या घालत होतो. पाच मिनिटं झाली असतील आणि पलीकडून भिंतीवर ठोठावलं. तीन वेळा, मोजून. लेक क्षणभर गप्प झाली, तिला वाटलं कोणी खेळतंय. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी लेकीला घेऊन बाथरूममध्ये गेलो, दार लावलं, पंखा सुरू केला आणि बंद टॉयलेटवर बसून तिच्या कानाशी अगदी हळू गुणगुणत राहिलो. तिचं रडणं थांबेपर्यंत माझा शर्ट घामाने भिजला होता.

सांगलीच्या कुठल्याही लॉजवर शेजारच्या खोलीतली बाई दार वाजवून आत आली असती. ‘पोट दुखतंय का हो? हिंग लावलात का?’ कदाचित नको इतकं बोलली असती. पण भिंत वाजवली नसती. इथे दहानंतर शांतता पाळायची हा नियम मला मनापासून पटतो. मात्र साडेआठला, दाढ दुखणाऱ्या मुलासाठी, ती भिंत वाजली. साडेसातला अंधार करण्यात माझी शिस्त किती आणि त्या भिंतीची भीती किती, हे मला त्या रात्री नीट सांगता आलं नसतं. आजही येणार नाही.

ही भीती जुनी आहे. २०११ मध्ये नॉर्वेतल्या स्टाव्हांगर शहरात एका बंगाली जोडप्याची दोन लहान मुलं बालकल्याण यंत्रणेने काढून घेतली होती. मुलांना हाताने भरवणं, सोबत झोपवणं यावरही बोट ठेवलं गेलं, असं आईबापांनी सांगितलं. मामला संस्कृतीचा नाही, असं तिथल्या यंत्रणेचं म्हणणं होतं. २०१२ च्या एप्रिलमध्ये मुलं काकाच्या ताब्यात भारतात परतली. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो आणि बातमी वाचून विसरलो होतो. पुढे लाइपझिगला लेकीच्या किटाच्या, म्हणजे पाळणाघराच्या, पहिल्या भेटीत तिथल्या बाईंनी साधेपणाने विचारलं, ‘ती कुठे झोपते?’ आणि मला ती बातमी आठवली. जर्मनी म्हणजे नॉर्वे नव्हे, बाई प्रेमळ आहेत, त्यांना फक्त दुपारची गादी कशी लावायची ते ठरवायचं होतं. तरी मी पटकन म्हणालो, ‘तिच्या स्वतःच्या खाटेत.’

ते अर्धं खरं आहे. झोपते ती खाटेतच. पण रात्री दोन-अडीचला ती उठून उभी राहते, कठड्याला धरून ‘मधे, मधे’ म्हणते. मी तिला उचलतो आणि आमच्या दोघांच्या मधे आणतो. ती एक पाय माझ्या पोटावर टाकते, एक हात आईच्या केसांत घालते आणि झोपते. रोज. बिन्त्सलाही रोज. आत्याचा ‘पिंजरा’ पहाटे रिकामाच असतो.

हे मी किटात सांगितलेलं नाही आणि ग्रुपवरही सांगितलं नव्हतं. किटात सांगितलं तर आम्ही मागासलेले ठरू असं वाटतं. ग्रुपवर सांगितलं तर वादात हरलो असं होईल. त्या १७ देशांच्या अभ्यासात आणखी एक आकडा आहे: व्हिएतनाममध्ये ८३ टक्के मुलं आईबापांच्या अंथरुणात झोपतात, न्यूझीलंडमध्ये सहा टक्क्यांहून कमी. झोपेच्या वेळा टाकताना हा आकडा मी गाळला. कारण वेळेने आम्ही न्यूझीलंडचे आणि अंथरुणाने व्हिएतनामचे, आणि हे दादाला कसं समजावणार? दिवसभर जर्मन बोलणारा मी पहाटे अडीचला लेकीशी जे बोलतो ते माझ्या आजीच्या तोंडचं मराठी असतं. ‘ये गं माझी साय.’ तेवढ्या वेळापुरता मी कुठे राहतो याचा मला विसर पडतो.

परत आल्यावर रविवारी आईला फोन केला. तिने माझी बाजू घ्यावी अशी माझी इच्छा होती. मी म्हणालो, ‘आई, तूच सांग त्यांना. आम्ही लहान असताना महाबळेश्वरला जायचो तेव्हा आम्ही काय आपोआप झोपायचो का?’

आई म्हणाली, ‘अरे, मी चारदा गेले महाबळेश्वरला. रात्रीचं मार्केट एकदाही बघितलं नाही.’

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मला ते मार्केट चांगलं आठवतं. मे महिना, दिव्यांच्या माळा, गरम चणे, बाबांचा आणि काकांचा हात धरून मी आणि दादा. आई त्या आठवणीत कुठे होती, हे मी छत्तीस वर्षांत विचारलं नव्हतं.

‘तुझी बहीण दोन वर्षांची. तिला नवी जागा कळायची, झोपायची नाही. तुम्ही सगळे गेलात की मी दिवा घालवायची. मोठा दिवा लावला की ती उठायची. मग बाथरूमचा दिवा लावून दार किलकिलं ठेवायचं आणि उंबऱ्यावर पाट घेऊन बसायचं. दिवाळी अंक न्यायचे मी, घरी वाचून व्हायचे नाहीत. पान उलटलं की आवाज व्हायचा, म्हणून बोट ओलं करून सावकाश उलटायची.’

‘आत्या नसायची का सोबत?’

‘एका वर्षी ती बसली, तिचा धाकटा तापला होता. पुढच्या वर्षी परत मी. तुम्ही माझ्यासाठी चिक्की आणायचात की.’

फोन ठेवल्यावर मी बायकोला हे सांगितलं. ती भांडी मशीनमध्ये लावत होती. ती म्हणाली, ‘म्हणजे त्यांना त्या फोटोतलं बाथरूम ओळखू आलं असणार.’

आत्याने लिहिलेलं मी पुन्हा वाचलं. ‘मधे घेऊन झोपा.’ पहिल्यांदा मला त्यात फक्त टोमणा दिसला होता. पण तीही त्या उंबऱ्यावर बसलेली बाई आहे. कदाचित ती एवढंच म्हणत असेल की बाबांनो, उंबऱ्यावर बसू नका, पोरीजवळ आडवे व्हा, पाठ तरी टेकेल. मला हे नक्की माहीत नाही, आणि तिला विचारायला मी अजून धजलो नाही.

डिसेंबरमध्ये आम्ही सांगलीला जातोय. सगळ्यांनी मिळून दोन रात्री गणपतीपुळ्याला जायचं ठरलं आहे, चौदा माणसं, चार खोल्या. काल मी ग्रुपवर लिहिलं: ‘लेक रात्री आमच्या मधेच झोपते. आत्या, तुझं बरोबर होतं, पण संध्याकाळी साडेसातला मात्र ती खाटेतच झोपणार आणि खोलीत अंधार लागणार. पहिल्या रात्री सगळ्या पोरांना घेऊन मी बसेन. दुसऱ्या रात्री दादा, तू बस. मोबाइल द्यायचा नाही. आईला, आत्याला, वहिनींना आणि हिला रात्री समुद्रावर जायचंय.’

वहिनींचा अंगठा लगेच आला. आत्याने विचारलं, समुद्रावर थंडी असेल, शाल न्यायची का? दादाने वाचलंय. दोन निळ्या खुणा दिसतात.