छप्पर नेमकं कशासाठी?

मोबाइलवर फोटो होता अमेरिकेतला: इंडियाना राज्य, पार्क काउंटी. छप्पर घातलेले 31 लाकडी पूल तिथे अजून उभे आहेत. सुभ्या म्हणाला, "बर्फ साचू नये म्हणून छप्पर."

"उलट!" मास्तर उसळले. "हिवाळ्यात घसरगाड्या चालाव्यात म्हणून पुलात बाहेरून बर्फ आणून टाकायचे. छप्पर आहे ते कैचीसाठी, म्हणजे पूल पेलणाऱ्या उभ्या-तिरक्या लाकडांच्या सांगाड्यासाठी. उघड्या पुलाच्या सांध्यात पाणी मुरतं नि दहा-पंधरा वर्षांत लाकूड कुजायला लागतं. झाकलेला पूल शंभरी ओलांडतो. पत्रा, फळ्या बदलता येतात. मुख्य तुळई बदलायची तर सगळा पूल टेकूवर घ्यावा लागतो."

अण्णा सुतारकामातले. त्यांनी फोटो मोठा केला. "ही थिओडोर बर याची पद्धत, पेटंट 1817 चं. उभे खांब, तिरके आधार, आणि दोन्ही अंगांनी कैचीला बोल्टानं आवळलेली लाकडी कमान. कमानीचे पाय रस्त्याच्या खाली, थेट दगडी बांधकामात टेकतात. याच काउंटीतला वेस्ट युनियनचा पूल असाच, 1876 चा, 315 फूट. जे. जे. डॅनियल्सनं बांधलेला."

"मग बिघडतं कुठे?"

"टोकाला. खालची तुळई दगडावर टेकते तिथे चाकांबरोबर आलेली माती आणि पाखरांची घाण साठते, ओल धरते. वरून पूल ठणठणीत दिसतो, आत टोक भुसभुशीत झालेलं असतं. टोच्या खुपसून पाहायचा. सहज आत गेला तर तेवढा तुकडा कापून नवा सांधायचा. आणि मधली सुटलेली एक फळी महिनोन्महिने तशीच ठेवायची नाही. पाऊस नेमका सांध्यावर येतो."

सुभ्यानं त्याच काउंटीतल्या ब्रिजटनच्या पुलाचा विषय काढला. 1868 चा डॅनियल्सचाच पूल, 2005 मध्ये कुणीतरी पेटवला, 2006 मध्ये त्याच जागी नवा उभा राहिला. "तो आता ऐतिहासिक कसला? लाकूडच नवं!"

"नवाच," मास्तरांनी मान्य केलं. "फलकावर 1868 लिहिलं तर ती फसवणूक."

अण्णांना हे पटेना. "फलकावर 2006 लिहा, माझी हरकत नाही. पण तिथे सिमेंटचा सपाट पूल टाकला असता तर कमान कशी वळवायची, कैची कशी जुळवायची, हे नव्या हातांना कळलं असतं का? लाकूड गेलं, वाईटच झालं. विद्या तरी राहिली."

"विद्या राहिली म्हणून राखण सोडायची का? जुन्या पुलाखाली सुकं गवत नको, रात्री दिवा हवा, कॅमेरा हवा. कोरडं जुनं लाकूड पेटलं की बंब येईस्तोवर छप्पर खाली आलेलं असतं."

यावर मात्र अण्णा लगेच म्हणाले, "आधी गवत."