प्रतिक्रियेला उत्तर: शिडशिडीत भाची आणि जनुकांची सबब

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पीसीओएसमधल्या (बायकांच्या बीजकोषांचा आणि हार्मोन्सचा एक विकार) इन्सुलिन रेझिस्टन्सचं, म्हणजे साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही त्याचं, खापर मी जनुकांवर फोडलं आणि बायकांना आयती सबब दिली. मूळ दुखणं वजनाचं; तुमची भाची शिडशिडीत आहे, तिला पीसीओएस असला तरी इन्सुलिनचा काय संबंध?

आधी माझी चूक. ‘70 टक्के आजार आनुवंशिक’ हे वाक्य ढिसाळ होतं. नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या 2006च्या अभ्यासातला हा आकडा स्त्रियास्त्रियांमधल्या फरकाबद्दल बोलतो: एकीला आजार होतो, दुसरीला नाही, या फरकात जनुकांचा वाटा किती. एकीच्या आजारातला 70 टक्के वाटा जनुकांचा आणि उरलेला तिच्या वागण्याचा, अशी वाटणी त्यातून निघत नाही. तुम्ही तशी काढलीत, त्याला माझंच वाक्य जबाबदार.

भाचीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. संशोधक अँड्रिया डुनाइफ आणि सहकाऱ्यांनी 1989मध्येच दाखवलं, की वजन सारखं असलं तरी पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. लठ्ठपणा त्यात भर घालतो, एवढंच. स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते आणखी सोडतं. गंमत म्हणजे (भोगणारीला कसली गंमत!) बीजकोष तेवढे बहिरे होत नाहीत. वाढलेल्या इन्सुलिनमुळे ते जास्त अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखे ‘पुरुषी’ हार्मोन, बनवतात. शिवाय टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन यकृत कमी बनवतं, त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. मग पाळी लांबते, नको तिथे केस येतात.

आता जनुकं. 2018च्या मोठ्या विश्लेषणात, पीसीओएस असलेल्या दहा हजारांवर स्त्रियांच्या माहितीतून, जनुकसंचातल्या या आजाराशी जोडलेल्या 14 जागा पुढे आल्या. प्रत्येक जागेचा परिणाम इवलासा. म्हणून जनुकचाचणी करून निदान होत नाही. त्याच अभ्यासात वजन वाढवणारी जनुकं पीसीओएसचा धोकाही वाढवतात असं दिसलं. म्हणजे वजनाबद्दल तुम्ही अर्ध्या बरोबर आहात, पण ते वजनही जनुकांपासून सुटं नाही.

राहिली सबब. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता वेगळ्या मार्गाने ग्लुकोज आत घेतो. म्हणून वजनकाटा हलला नाही तरी व्यायामाचा उपयोग होतो, आणि जिचं इन्सुलिन जन्मतःच अडखळतं तिला तर तो जास्तच हवा.

आणि भाचीची साखर तपासून घ्या. 2023च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निदान होताच ती तपासायला सांगतात, वजन कितीही असो. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती चाचणी उत्तम. नुसत्या उपाशीपोटीच्या साखरेत बिघाड निसटू शकतो.