ताप नव्हे, कोंडलेली उष्णता

एमडी म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पदार्थावरच्या लेखात ‘एमडी घेतल्यावर ताप चढतो’ असं म्हटलंय, त्यातला ‘ताप’ हा शब्द खटकला. मिरजेत माझं औषधाचं दुकान आहे, म्हणून सांगतो: हा नेहमीचा ताप नव्हे. मेंदूत डोपामिन, नॉरॲड्रेनालिन ही उत्तेजना देणारी रसायनं भसाभस सुटतात, स्नायू तापत राहतात आणि कातडीच्या रक्तवाहिन्या आवळल्याने उष्णता बाहेरच पडत नाही. पॅरासिटामॉल इथं कामाचं नाही. अंग गार करायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. पारा ४१ अंशांपुढे गेला की स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. थंड खोलीत निभावलेला अशा नशेचा डोस उकाड्यात जीव घेतो, हे उंदरांवर फार पूर्वीच दिसलंय. आणि आपल्याकडे तर सांगलीचा एप्रिल! सांगलीजवळच्या कुपवाडात २०२४ला एमडीचा साठा सापडला तेव्हा सगळे किलो आणि कोटी मोजत होते, उष्णतेच्या या धोक्याबद्दल बोलताना मला तरी कुणी दिसलं नाही.