'वॉचटॉवर'बद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' या गाण्यावरच्या लेखात मी ते नंतर आपल्या पद्धतीने वाजवणाऱ्या गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सची आरती ओवाळली आणि ज्याचं गाणं आहे त्या गायक-कवी बॉब डिलनला ओसरीवर बसवलं, गिटारच्या गदारोळात कविता बुडते, आणि हेच गाणं गाणाऱ्या यूटू या बँडचं तर नावही नाही, असं तुम्ही लिहिलंत. एक चूकही दाखवलीत: सगळ्या गिटार हेन्ड्रिक्सच्याच, असं मी लिहिलं होतं. बारा तारांची अकूस्टिक गिटार डेव्ह मेसनने वाजवली आहे. दुरुस्ती केली, आभार.

डिलनवर मी फार थोडं लिहिलं, हेही खरं. रेकॉर्डिंग नोव्हेंबर १९६७ चं, नॅशव्हिलमधलं. तो स्वतः, बेसवर चार्ली मॅकॉय, ड्रम्सवर केनी बटरी. अडीच मिनिटांचं गाणं, तेच तीन कॉर्ड फिरत राहतात, ध्रुवपद नाहीच. विदूषक आणि चोर बोलत असतात. तिसऱ्या कडव्यात नजर एकदम बुरुजावर जाते: लांबून दोन घोडेस्वार येताहेत, वारा घोंघावू लागलाय. आणि गाणं संपतं! इथे घटनांचा क्रम उलटा आहे, असं डिलनने १९६८ च्या एका मुलाखतीत सांगितलं होतं. म्हणजे गोष्ट शेवटच्या कडव्यापासून सुरू होते. ते दोन स्वार म्हणजेच विदूषक आणि चोर, असं मी समजतो.

म्हणूनच 'कविता बुडते' हे मला अजिबात पटत नाही. शब्द थांबतात तिथे गोष्टीला तोंड फुटलेलं असतं, आणि तेवढी जागा डिलनने मोकळी सोडली आहे. त्याचा अल्बम येऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा हेन्ड्रिक्स लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत ही जागा भरायला बसला. मधला सोलो पुन्हा ऐका. आधी साधी, सरळ गिटार, मग स्लाइडचे (तारांवरून नळी सरकवून काढलेले) लांबवर घरंगळणारे सूर, मग वा-वा (पायाच्या पेडलने आवाज तोंड उघडमिट केल्यासारखा बदलणं), आणि शेवटी नुसत्या कॉर्डचा ठेका. चार वेगळे आवाज, जणू चार जण आळीपाळीने बोलताहेत. शेवटी वाऱ्याचा शब्द उच्चारला की गिटार वर वर चढत जाते, आणि रेकॉर्ड विरत गेली तरी ती थांबलेली नसते. हा गदारोळ नाही हो, त्या कडव्यातला वारा आहे.

डिलनचं काय म्हणणं? त्याने हे गाणं मंचावर पहिल्यांदा गायलं ते जानेवारी १९७४ मध्ये, 'द बँड' नावाच्या समूहासोबतच्या दौऱ्यात. तोवर हेन्ड्रिक्सला जाऊन तीन वर्षं झाली होती. हेन्ड्रिक्स गेल्यापासून मी ते त्याच्याच पद्धतीने गातो, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलं. त्यानंतर दोन हजारांहून जास्त वेळा गायलं. मूळ कवीच असं म्हणतो, तिथे मी त्याचा अपमान केला असं कसं म्हणता येईल?

यूटूला मात्र मी मुद्दाम वगळलं. १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भर चौकात त्यांनी ते वाजवलं, जोमात वाजवलं, पण त्यांचा गायक बोनोने लाल गिटार आणि तीन कॉर्डची स्वतःची ओळ मध्ये घातली. ज्या गाण्यात एक शब्द जास्तीचा नाही, तिथे ती ओळ मला खुपते. त्यापेक्षा १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गायक-गिटारवादक नील यंगने गायलं ते ऐका. शब्द जसेच्या तसे, आणि गिटार पिसाटलेली.

'बिफोर द फ्लड' या मैफिलीच्या अल्बमवर १९७४ चं डिलनचं रूप आहे, गिटार द बँडच्या रॉबी रॉबर्टसनची. ते ऐकून पुन्हा लिहा, मी वाट बघतो.