एक इंजिन गेलं म्हणून विमान पडत नाही

'एक इंजिन बंद पडलं की विमान कोसळणारच' असं एका लेखात म्हटलंय, ते साफ चूक आहे. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडणारं दोन इंजिनांचं प्रवासी विमान एका इंजिनावरही वर चढतं, वजन त्याच हिशेबाने ठरतं. आपली धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवर. एप्रिलच्या दुपारी हवा आणखी विरळ, इंजिनाचा जोर कमी, तेव्हा कधी भार कमी घ्यावा लागतो.

खरा धोका घाईचा. धावपट्टीपासून ४०० फूट वर जाईपर्यंत रडरने (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने) नाक सरळ धरायचं, चाकं वर घ्यायची, बस्स. मग एका वैमानिकाने बिघडलेल्या इंजिनाच्या लिव्हरवर हात ठेवायचा, दुसऱ्याने बघून 'हाच' म्हटल्यावरच मागे ओढायचा. तैपेईत २०१५ साली एटीआर या दोन इंजिनांच्या पंख्याच्या विमानाच्या वैमानिकाने एक इंजिन बिघडल्यावर चालू असलेलंच इंजिन बंद केलं. ४३ जण गेले.